पावणं

महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जात नाव, पत्ता, जन्मतारीख झाली की एक रकाना येतो – ‘पालकांचा व्यवसाय’. दोन वर्षांपूर्वी मी हा अर्ज भरायला एकटाच आलो होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे सोबत येऊन कुठे काय लिहायचे हे सांगणारे कोणी नव्हते. रांगेतल्या माझ्या पुढच्या मुलाने त्या रकान्यात ‘शेती’ लिहिले, मागच्या मुलीने ‘शिक्षक’ लिहिले. मी थोडा वेळ पेन चावले आणि लिहिले – ‘गूळ व्यवसाय’.

खोटे म्हणावे तर ते खोटे नव्हते. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, कोल्हापूरच्या श्री शाहू मार्केट यार्डात गेली वीस-एकवीस वर्षे गुळातच आहेत. फक्त ते गूळ विकत नाहीत, विकत घेत नाहीत. ते गूळ उचलतात. तीस किलोचा एक रवा, असे दिवसभर. त्यांच्या उजव्या खांद्याच्या मागे, मानेच्या जरा खाली, कातडीला घट्टा पडला आहे. लहानपणी मी त्यांच्या पाठीवर बसून त्या घट्ट्यावर बोटाने टकटक करीत असे आणि आप्पा आतून “कोण हाय?” असे विचारीत. तेव्हा मला त्याची लाज वाटत नव्हती. लाज नंतर आली. कॉलेजात येईपर्यंत ती चांगली मुरली होती.

आणखी एक गंमत सांगतो. शाहू जयंतीला, २६ जूनला, आमच्याकडे वक्तृत्व स्पर्धा असते. पहिल्या वर्षी मी तिच्यात बक्षीस मिळवले. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली, १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, हे सारे मी हात उंचावून, आवाज चढवून सांगितले. टाळ्या पडल्या. त्याच महाराजांचे नाव असलेल्या यार्डात माझा बाप त्या वेळी रवे वाहत होता, हे मात्र भाषणात आले नाही.

ह्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला माझ्या शेजारी बसणारा मित्र भोगावतीकाठच्या एका गावाहून बसने येतो. आमची मैत्री डब्यावरून जमली. त्याच्या डब्यातला गूळ-शेंगदाणा आणि माझ्या डब्यातली आईच्या हातची चटणी यांची अदलाबदल होऊ लागली. एकदा त्याने विचारले, “तुझे वडील काय करतात?” मी अर्जातलेच उत्तर दिले. तो खूश झाला. “म्हंजे आपण एकाच धंद्यातले की रं! आम्ही करणारे, तुम्ही इकणारे.” मी हसलो. न बोललेले खोटे बोललेल्या खोट्यापेक्षा सोपे असते, एवढे अर्थशास्त्र मला तेव्हा कळले.

दिवाळीच्या सुटीआधी तो म्हणाला, “पाडव्याच्या सौद्याला आमचा गूळ जातोय. चल की चार दिवस गावाकडं. तुमच्या धंद्यातला माल कसा हुतोय ते तरी बघ.”

दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताचे सौदे कोल्हापुरात मोठ्या थाटाने निघतात, हे मला त्याच्याहून जास्त ठाऊक होते. शाळेत असताना आप्पांची भाकरी घेऊन मी यार्डात जात असे. पण हे सांगायचे कसे? मी “येतो” म्हणालो. निघताना आई म्हणाली, “चतुर्दशीच्या आंघोळीला तरी येशील न्हवं?” तिलाही “येतो” म्हणालो. त्या दिवसांत मी सगळ्यांनाच हो म्हणत होतो.

वसुबारसेच्या संध्याकाळी गावात पोहोचलो. मित्राचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणतात, दारातच उभे होते. माझ्यापेक्षा तिपटीने वयस्क माणूस, पण हात जोडून म्हणाले, “या पावणं.” काकींनी पाय धुवायला गरम पाणी दिले. गाय-वासराची पूजा झाली. जेवताना तात्यांनी विचारले, “यंदा भाव काय निघंल वो? तुमच्या वडलांचा काय अंदाज?”

घास घशात अडकणे म्हणजे काय ते त्या वेळी कळले. “बरा निघेल म्हणतात,” मी म्हणालो. तात्यांनी मान हलवली. जणू एखाद्या जाणत्याने सांगितलेले असावे. मला त्या मान हलवण्याचे फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. अजून अंधार असतानाच आम्ही शेतावर गेलो. तात्यांचा बराचसा ऊस साखर कारखान्याला जातो. कारखान्याने उसाला किमान किती दर द्यायचा हे सरकार ठरवते; २००९ पासून त्याला एफआरपी म्हणतात. गुळाला असा आधार नाही. सौद्यात बोली निघेल तो भाव. तरीही तात्या दर वर्षी पाच गुंठ्यांतला ऊस गुळासाठी राखतात. त्यांच्या वडिलांनी पाडव्याचा मुहूर्त कधी चुकवला नव्हता, हे एक कारण. आणि दिवाळीत हातात रोख पैसा येतो, हे दुसरे. मला वाटते दुसरे कारण पहिले असावे, पण तात्या पहिलेच सांगतात.

तोडीला आठ विळे होते. मजुरीची माणसे एकही नव्हती. शेजारचे दोघे भाऊ, मित्राचे मामा, वाड्यावरच्या दोन बायका, तात्या, मित्र आणि मी. ही माणसे पैऱ्याने आली होती. पैरा म्हणजे आज तू माझ्या शेतात राबायचे, उद्या मी तुझ्या शेतात; मध्ये पैसा नाही. हिशेब मात्र पक्का असतो. कोणाचा कोणावर किती दिवसांचा पैरा आहे, हे वहीत नसले तरी सगळ्यांच्या डोक्यात असते.

आडसाली ऊस पंधरा महिन्यांचा झालेला, डोक्याच्या वर उंच. मला वाटले होते, विळा मारायचा की ऊस पडला. पहिल्याच घावात माझा ऊस जमिनीपासून वीतभर वर तुटला. मामा ओरडले, “आवो पावणं, बुडखा ठिवलासा! गोडी सारी बुडात असती.” जमिनीला चिकटून तोडायचे, पाचट सोलायचे, वाढे छाटायचे, मोळी बांधायची. वाढे जनावरांना, पाचट तसेच रानात. वाया काही जायचे नाही. उसाच्या पानाची धार ब्लेडसारखी असते. तासाभरात माझे हात आणि मान ओरबाडून निघाली आणि घाम त्यावर मिठासारखा झोंबू लागला. दुपारपर्यंत तळहाताला दोन फोड आले. एक फुटला. काकींनी त्यावर हळद लावली, कापड बांधले आणि म्हणाल्या, “बसा आता झाडाखाली. बास झालं.”

मी बसलो नाही. खरे सांगायचे तर मला तो दिवस फार आवडला होता. शेताच्या बांधावर बसून खाल्लेली झुणका-भाकर, बायकांची चेष्टा, कोणी तरी मध्येच धरलेली ओवी, अंगातून निघणाऱ्या उसाच्या वासाचे कौतुक. दिवेलागणीला ट्रॉली भरून ऊस गुऱ्हाळावर निघाला तेव्हा मी सर्वांत वर मोळ्यांवर उताणा पडलो होतो आणि मनात म्हणत होतो, श्रमात आनंद असतो म्हणतात तो हाच.

गुऱ्हाळावर आमचा नंबर रात्रीचा होता. ज्यांनी चालू गुऱ्हाळ पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पूर्वी घाणा बैल ओढीत. आता मोटार फिरवते. ऊस घाण्यात जातो, रस कापडातून गाळून टाकीत पडतो आणि तिथून काहिलीत. काहील म्हणजे लोखंडाची एवढी रुंद कढई की तिच्यात माणूस आडवा झोपेल. खाली चुलवाण. त्यात वाळलेली चिपाडे घालायची. म्हणजे उसाच्या रसाला उसाचाच जाळ. एक काहील रस आटून गूळ निघाला की त्याला एक आदण म्हणतात. आमची तीन आदणे व्हायची होती.

गुऱ्हाळाचा राजा म्हणजे गुळव्या. आमचे गुळवेमामा साठीचे, कृश, डोळे धुराने कायमचे लाल. त्यांनी रसात चुना टाकला तो चिमटीने, मापाने नव्हे. मग रानभेंडीची झाडे चेचून काढलेला बुळबुळीत चीक ओतला. रस तापला तशी सारी घाण त्या चिकाला धरून वर आली. काळी-हिरवी, फेसाळ मळी. मामांनी माझ्या हातात लांब दांड्याचा झारा दिला. “काढा. सावकाश. मळी ऱ्हायली तर गूळ काळा पडतोय.”

दोन तास मी मळी काढत होतो. वाफेने चेहरा भाजत होता, पाठीला शरदातली थंडी लागत होती. मामांनी मध्येच विचारले, “कालिजात काय शिकिवत्यात?”

“अर्थशास्त्र.”

“म्हंजे?”

“पैसा कुठनं येतो आणि कुठं जातो ते.”

मामा मनापासून हसले. “मग जातोय कुठं त्ये मला न शिकता कळतंय. येतोय कुठनं त्ये तुम्ही शिकून या न् मला सांगा.”

रस घट्ट झाला तसे बुडबुडे मोठे होऊन फुटू लागले. उतू जाऊ नये म्हणून मामांनी तेलाचे दोन थेंब शिंपडले आणि एवढी मोठी काहील शहाण्या पोरासारखी खाली बसली. मग त्यांनी थोडा पाक थंड पाण्यात टाकला, बोटांनी गोळी केली आणि काहिलीच्या काठावर मारली. ‘टण्’ असा आवाज आला. “उचला!” सगळे धावले. काहील कलंडली आणि सोन्याच्या रंगाचा पाक वाफ्यात पसरला. तो खोऱ्याने हलवत गार करायचा, मग कापड घातलेल्या बादल्यांत भरायचा. सकाळी बादली पालथी केली की रवा बाहेर येतो. ‘कोल्हापुरी गूळ’ ह्या नावाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनाचे मूळ मला गुळवेमामांच्या त्या ‘टण्’मध्ये सापडले.

रात्री येणारे-जाणारे थांबत होते. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस पाजल्याशिवाय सोडायचे नाही, अशी रीत आहे. दोन अनोळखी सायकलवाले रस पिऊन, गरम काकवी भाकरीवर घेऊन, नावही न सांगता निघून गेले. कोणी विचारलेही नाही.

पहाटे तिसरे आदण निघाले तेव्हा नरकचतुर्दशी उजाडत होती. काकी घरून उटणे घेऊन आल्या. चुलवाणाच्या धगीवर तापलेल्या पाण्याने आम्ही सगळ्यांनी तिथेच उघड्यावर अंघोळी केल्या. काकींनी स्वतःच्या मुलाला लावावे तसे माझ्याही पाठीला तेल लावले. तेव्हा आई आठवली. घरी तिने पहाटेपासून पाणी तापवून ठेवले असेल. पण मी ती आठवण बाजूला सारली. गूळ बावीस रवे झाला होता, त्यातल्या पहिल्या आदणाची मळी मी काढली होती, आणि सगळे मला शाबासकी देत होते.

लक्ष्मीपूजन त्यांच्याच घरी झाले. पाडव्याच्या पहाटे चार वाजता गोणपाटात गुंडाळलेले बावीस रवे ट्रॉलीत भरले. तात्या, मित्र आणि मी वर बसलो. ट्रॅक्टर कोल्हापूरच्या रस्त्याला लागला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. इतके दिवस मी ह्या क्षणाचा विचारच केला नव्हता. आप्पा यार्डात असणार. आज मुहूर्त, एकही हमाल घरी नसणार. पण यार्ड मोठे आहे, अडत दुकाने पुष्कळ, हमालांच्या टोळ्या वेगवेगळ्या. आपल्या ट्रॉलीवर तेच कशाला येतील, अशी मी मनाची समजूत घातली.

यार्डात झेंडूची तोरणे लागली होती. दुकानांपुढे रांगोळ्या. ट्रॉली एका दुकानापुढे लागली आणि तीन हमाल पुढे आले. तिसरे आप्पा होते.

डोक्याला टॉवेल, खांद्यावर गोणपाट, सदऱ्यावर हमालीचा बिल्ला. त्यांनी वर पाहिले. मी ट्रॉलीत उभा होतो. आमची नजरानजर झाली. त्यांच्यामागचा तरुण हमाल, ज्याने लहानपणी मला यार्डात गुळाचे खडे दिले होते, तो तोंड भरून हसला आणि म्हणाला, “आरं, ह्यो तर आप्पाचा–”

“रवा घे आदी,” आप्पा मध्येच म्हणाले. “येळ हुतोय.” आणि मग माझ्याकडे पाठ करून, वाकून, ते म्हणाले, “पावणं, हात द्या.”

हमालाच्या पाठीवर ओझे द्यायला वरून कोणी तरी लागतो. मित्र एका बाजूला देत होता, दुसऱ्या बाजूला मी होतो. मी रवा उचलला आणि माझ्या बापाच्या पाठीवर ठेवला. घट्टा होता तिथेच तो टेकला. ते निघून गेले, परत आले, पुन्हा वाकले. तोंडाने फक्त “हं”. मी पुन्हा ठेवला. बावीसांतले आठ रवे त्यांच्या पाठीवरून गेले. मी मोजले. आठ रवे म्हणजे दोनशे चाळीस किलो. गेल्या चार दिवसांत मी पहिल्यांदाच काही तरी मोजत होतो.

प्रत्येक वेळी वाटत होते, आता बोलावे. “आप्पा” एवढा एकच शब्द. तो जिभेवर येत होता आणि परत जात होता. माझ्या बापाने मला न विचारता, मी काय सांगितले आहे हे माहीत नसताना, माझे खोटे ओळखले होते आणि ते माझ्यासाठी स्वतः सांभाळत होता. आणि मी ते त्याला सांभाळू देत होतो.

रवे उतरल्यावर तात्यांनी खिशातून शंभराची नोट काढली. “मामा, पाडव्याचं पोस्त. तिघांत घ्या,” असे म्हणून ती दोन्ही हातांनी आप्पांना दिली. आप्पांनी नोट कपाळाला लावली. मित्र माझ्या कानात म्हणाला, “तुझे वडील कुठल्या दुकानात बसत्यात? जाऊन भेटू की.” मी म्हणालो, “आज गडबडीत असतील.”

सौदा निघाला, भाव बरा मिळाला. तात्यांच्या हातात हिशेबाची पट्टी आली. ‘शेतमालाचे विपणन’ हे प्रकरण आम्हांला परीक्षेला आहे. म्हणून त्यांनी ती कौतुकाने मला वाचायला दिली. तोलाईच्या ओळीखाली एक ओळ होती – हमाली. तिच्यापुढे थोडेसे रुपये. आमचे घर त्या ओळीवर चालते. माझी फी त्या ओळीतून भरली जाते. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, हे सारे मी नोट्समध्ये लिहून घेतले होते आणि त्यावर पाच गुणांची टीपही लिहिली होती. पण ती ओळ मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली.

निघताना तात्यांनी दोन किलो गूळ कागदात बांधून माझ्या हातात दिला. “पावण्याला रिकाम्या हातानं लावायचं न्हाई.”

घरी आलो. आई रागावली नाही, तिने फक्त माझे हात पाहिले. संध्याकाळी आप्पा आले. अंघोळ झाली, आईने पाडव्याची ओवाळणी केली. आप्पांनी तबकात तीस रुपये टाकले आणि वर तीन रुपयांची चिल्लर. शंभराचे तिघांत वाटे पडले होते. राहिलेला एक रुपया त्यांनी कोणाला सोडला ते कळले नाही.

मी गुळाचा पुडा पुढे ठेवला. आमच्या घरी गूळ पाव-पाव किलो येतो. आप्पांनी खडा तोडून जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि दुकानदारासारखे म्हणाले, “मळी चांगली काढलीया.”

“मी काढली,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हाताची पट्टी पाहिली. बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मैतर चांगला हाय तुझा. त्येचं वडील हमालास्नी आवो-जावो करत्यात. समदी करत न्हाईत.” एवढेच. यार्डातल्या प्रसंगाबद्दल ते तेव्हाही बोलले नाहीत आणि आजपर्यंत बोललेले नाहीत.

मला त्या रात्री झोप आली नाही. ग्रंथालयातल्या एका पुस्तकात मी वाचले होते की स्पेन, इटली, ग्रीस ह्या देशांत शरद ऋतूत ऑलिव्हची फळे उतरवायचा हंगाम असतो. झाडाखाली जाळी पसरून फळे पाडतात, घाण्यावर नेऊन तेल काढतात. आणि त्या कामाला दूरदूरचे प्रवासीही हौसेने जातात, जेवण आणि निजायची जागा एवढ्यावर राबतात. वाचताना मला त्या प्रवाशांचा हेवा वाटला होता. आता कळले की मीही चार दिवस तोच प्रवासी होतो. पाहुण्याच्या तळहातावर फोड येतो. त्याला हळद लावायला कोणी असते, ‘बास झालं’ म्हणणारे कोणी असते, आणि तो चार दिवसांत बरा होतो. घट्टा पडायला वीस वर्षे लागतात, आणि त्या वीस वर्षांत ‘बास झालं’ असे कोणी म्हणत नाही. मी ट्रॉलीवर उताणा पडून ज्याला श्रमाचा आनंद म्हणत होतो तो खरा होता, नाही असे नाही; पण तो मला मिळाला कारण मला परत जायचे होते.

सुटी संपल्यावर पहिल्याच दिवशी मी मित्राला सगळे सांगितले. मला वाटले होते तो म्हणेल, “त्यात काय एवढं!” तसे झाले नाही. त्याचा चेहरा उतरला. “म्हंजे माझ्या वडलांनी तुझ्या वडलांच्या हातावर पोस्त ठेवलं, आणि तू उभा राहून बघत हुतास?” तो उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. आठ दिवस डबा एकट्याने खाल्ला. त्याचा राग हमालीवर नव्हता, माझ्या गप्प बसण्यावर होता. हे कळायला मला ते आठ दिवस लागले.

नवव्या दिवशी तो माझ्या शेजारी येऊन बसला. “तात्यांनी निरोप दिलाय,” तो म्हणाला. “तू आमच्यात येऊन राबलास. पैरा फिटल्याला न्हाई. तुमच्यात काय काम हाय?”

काम होते. गेल्या पावसाळ्यात आमच्या घराची मागची भिंत फुगली होती आणि आप्पा एकेक रविवार करून ती उतरवत होते. पुढच्या रविवारी तात्या आणि मित्र आले. आप्पा दारात गेले आणि म्हणाले, “या पावणं.” तात्या म्हणाले, “पावणं कशाचं? कामाला आलोय.” दोघे एकमेकांकडे बघून थोडे हसले. पाडव्याचे नाव कोणीच काढले नाही. दिवसभर आप्पा विटा देत होते, तात्या लावत होते आणि मी मध्ये उभा राहून ह्या हातातली वीट त्या हातात देत होतो. दुपारी आईने त्याच गुळाच्या पोळ्या केल्या.

भिंत उभी राहिली. माझ्याकडून मात्र ते आठ रवे अजून उतरलेले नाहीत. मित्राने क्षमा केली, तात्यांनी पैरा फेडला. आप्पांचा पैरा कसा फेडायचा हे मला ठाऊक नाही. हा लेख छापून आला की तो त्यांना वाचून दाखवायचा, असे ठरवले आहे. ते चौथी शिकलेले आहेत, सावकाश वाचतात. कदाचित स्वतःच वाचतील.

जूनमध्ये तिसऱ्या वर्षाचा अर्ज भरायचा आहे. तो रकाना तिथे असेलच. तीन अक्षरांचा शब्द आहे. मी पेन चावणार नाही.

– बी. ए. भाग २